काढ्याचा तळ

"तोंड उघडा काका. जीभ वर. आता इकडे... तिकडे. बरं, हात दाखवा."

भिकनरावांनी शहाण्या पोरासारखं सगळं केलं. गोळी केव्हाच पोटात गेली होती. तरी जीभ त्यांनी गरजेपेक्षा अंमळ जास्तच वेळ वर धरून ठेवली, कारण ती मुलगी बारकी बॅटरी घेऊन वाकून आत बघत होती आणि त्यांच्या तोंडात काय गेलं, काय नाही याची चौकशी गेल्या दीड वर्षात दुसऱ्या कुणी केली नव्हती.

मुलीचं नाव मनाली. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात ती पीएच.डी. करत होती, आणि कॉलेजला जोडून असलेल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचा हा वॉर्ड होता. साठी उलटलेले बाराजण, ओळीनं बारा खाटा, प्रत्येकाच्या हाताला रक्त काढायची सुई चिकटपट्टीनं डकवलेली. म्हातारपणी माणसाचं यकृत मंदावतं. मग अंगदुखीची साधी गोळी घेतली तर ते ती किती वेळात निकालात काढतं, हे तिला बघायचं होतं. हळदीच्या कुळातल्या एका कंदातून तिच्या सरांनी एक द्रव्य वेगळं काढलं होतं. ते गोळीच्या जोडीला दिलं तर यकृताला आधार मिळतो का, हा पुढचा प्रश्न. पहिल्या फेरीत नुसती गोळी, दुसरीपासून गोळी आणि ते द्रव्य. दर फेरीला दोन दिवस मुक्काम आणि घटकाघटकाला रक्त. गोळी गालात धरून नंतर थुंकणारे महाभाग असतात, म्हणून गिळल्यावर तोंड तपासायचं. भिकनरावांना सगळ्या अभ्यासात तेवढं तोंड तपासणं फार आवडलं होतं.

भिकनराव पगारे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. द्वारकेच्या मागे कॉलनीत दोन खोल्यांचं घर. द्वारका चौकात पहाटेपासून भोंग्यांचा जो कल्लोळ सुरू होतो तो थांबायचं नाव घेत नाही. इतक्या गर्दीच्या कानाशी राहून माणूस एकटा कसा पडतो, असं कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, गाड्या जातात हो, थांबतात कुठे? मुलगा प्रफुल्ल पुण्याला. रविवारी त्याचा फोन यायचा. "पप्पा, जेवलात ना?" "जेवलो." "औषधं वगैरे?" "मला कसली औषधं?" झालं, बोलणं संपलं. पोरगा वाईट नव्हता. त्याला विचारायचे प्रश्न माहीत होते, उत्तरानंतर थांबायचं असतं हे माहीत नव्हतं.

थांबणारी एकच होती, चांगुणाबाई.

वर्कशॉपच्या दिवसांत भिकनरावांना बाटलीचा नाद होता. नाद म्हणजे चांगला सणसणीत. शेवटी यकृताला सूज आली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितली आणि खरं सांगायचं तर मरणाला भिऊन त्यांनी ती सोडलीही. पण चांगुणाबाईंचा डॉक्टरवर निम्माच भरवसा आणि नवऱ्यावर तर तेवढाही नाही. त्यांचं माहेर हरसूलचं. पावसाळा सरत आला की त्या माहेरी जायच्या, बांधावरची भुईआवळी उपटून आणायच्या, जोडीला आणखी कसकसला पाला नि साली. सावलीत वाळवायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करून बरण्यांत भरायच्या. त्यात काय काय आहे हे विचारायची नवऱ्याची प्राज्ञा नव्हती.

रोज सकाळी त्या पुडीचा काढा, स्टीलच्या पेल्यात. कडू जहर! भिकनराव शेवटचा घोट मोरीत ओततात हे एकदा उघडकीला आलं. त्या दिवसापासून बाई पदर खोचून समोर उभ्या राहू लागल्या. "तळ दाखवा." पेला तिरका करून तळ दाखवल्याशिवाय चहा मिळायचा नाही. दारू सुटली, डोळे निवळले, पोरगा शिकून पुण्याला गेला, पण तळ दाखवणं काही सुटलं नाही. आणि मग एके दुपारी मेथी निवडता निवडता चांगुणाबाई एका अंगाला कलंडल्या त्या उठल्याच नाहीत. मागे फडताळात तीन बरण्या राहिल्या.

बुद्धविहारात लावलेली, या अभ्यासासाठी माणसं हवीत अशी पाटी वाचून भिकनरावांनी नाव दिलं तेव्हा तिसरी बरणी उघडलेली होती.

नियम मनालीनं सगळ्यांना वाचून दाखवले होते. दारू नाही, तंबाखू नाही, पपनस नाही आणि कसलाही काढा, चूर्ण, झाडपाला नाही. पपनसाला ती ग्रेपफ्रूट म्हणाली, म्हणून चांदवडकडच्या सोमनाथनं त्या दिवसापासून द्राक्षंसुद्धा सोडली. मनालीनं समजावून सांगितलं तरी तो ऐकेना. "कशाला रिक्स घ्यायची? पोरीचं काम हाय, बिघडाया नाय पायजे." असा तो सोमनाथ. कांद्याची चाळ पोरांच्या हवाली करून गुडघे धरून बसलेला, भिकनरावांच्या शेजारच्या खाटेवरचा.

आणि भिकनराव? "काका, तुम्ही काढा वगैरे काही घेता?" असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून सांगितलं, "छे हो, मी कुठला." धडधडीत खोटं. हो म्हटलं असतं तर घरी पाठवलं असतं, आणि काढा सोडायचा म्हणजे सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न. दोन्ही दगडांवर पाय ठेवायची हौस माणसाला असतेच. वॉर्डात दाखल होताना पिशवी तपासतात, म्हणून ते घरून निघतानाच पेला रिकामा करून यायचे.

वॉर्डात मात्र त्यांना माहेरपणाला आल्यासारखं वाटे. बाराजणांना एकाच वेळी, एकसारखं, मापून जेवण. एकानं घास उचलला की बाराही जणांनी उचलायचा. रक्त काढताना सोमनाथ डोळे मिटून घ्यायचा आणि भिकनराव त्याला एसटीच्या इंजिनाच्या गोष्टी सांगायचे. घरी आल्यावर पहिले एक-दोन दिवस तेही ठरलेल्या वेळेला जेवत. मग पुन्हा उभ्याउभ्या पोळी आणि चटणी.

पहिली फेरी आटोपून आठवडा झाला असेल, मनालीचा फोन आला.

"काका, एक सांगायचंय. घाबरू नका हं. गोळी म्हणजे कसं, घरी आलेला पाहुणा. यकृत त्याचा पाहुणचार करतं आणि त्याला दारापर्यंत पोचवून येतं. बाकीच्यांचे पाहुणे वेळेत गेले. तुमचा निघायलाच तयार नाही."

"माझ्याकडे पाहुणा?" भिकनराव हसले. "राहू दे की मग."

ती हसली नाही. तिनं सोनोग्राफी करायला लावली, स्वतः बरोबर आली, बाहेरच्या बाकड्यावर शेजारी बसून राहिली. यकृत स्वच्छ निघालं. काहीजण जन्मतःच मंद यकृताचे असतात, तसे काका असतील असं तिच्या सरांचं म्हणणं पडलं. तरी तिची काळजी मिटेना. ती रोज सकाळी फोन करू लागली. "भूक लागते ना? मळमळ? लघवीचा रंग कसा आहे?" जगात दुसऱ्या कुणालाही भिकनरावांच्या लघवीच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात काढ्याचा पेला धरून ते म्हणायचे, "छान आहे बाळा, सगळं छान आहे." खाई त्याला खवखवे म्हणतात. खवखवत होतं, नाही असं नाही. पण फोन ठेवला की ते तळ बघायचे, आणि दिवस जरा बरा जायचा.

दुसऱ्या फेरीत द्रव्य सुरू झालं आणि भिकनरावांच्या रक्तात ती गोळी पहिल्यापेक्षाही जास्त साचली.

या वेळी मनालीनं त्यांना कॉलेजात बोलावून घेतलं. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. "काका, सरांनी अभ्यास थांबवायचं ठरवलंय. हे द्रव्य गोळीबरोबर दिलं तर म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही, असा निष्कर्ष जाणार. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला दोन दिवसांत कळवायचं." तिनं समोरचे कागद बाजूला सारले. "पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्यावर सहा महिने आमचं लक्ष राहील. दर आठवड्याला या, रक्त तपासू. मी रोज फोन करीन. वेळ पडली तर घरी येईन."

भिकनरावांच्या कानात आधी शिरले ते सहा महिने. बाकीचं सगळं मागून आलं.

घरी येऊन ते फडताळासमोर खुर्ची टाकून बसले. सहा महिने. रोज फोन. काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चूक तरी अशी काय मोठी? एका म्हाताऱ्यानं बायकोच्या हातचा काढा घेतला. बुद्धाच्या मूर्तीशेजारी चांगुणाबाईंचा फोटो होता. तिकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

तेवढ्यात सोमनाथचा फोन. "पगारे भाऊ, वॉर्ड बंद व्हायचा म्हनत्यात. खरं हाय का?"

"तसं दिसतंय."

"हात तिच्या! आता परत घरी त्या खाटंवर. इथं बारा मानसं एका टायमाला जेवत होतो हो." मग म्हणाला, "मपलं जाऊ द्या. ती पोरगी लय राबली. तिचं पार वाटुळं झालं."

भिकनरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरी ते गप्पच राहिले. हे लपवून कशाला ठेवायचं? माणूस भुकेला असला की दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही, आणि भिकनराव भुकेले होते.

सकाळी नेहमीसारखा काढा उकळला. पेला ओठाला लावला आणि फोन वाजला.

"काका, कसं वाटतंय?"

"बरंय. तुझा आवाज का असा?"

"काही नाही." मग ती एकदम म्हणाली, "काका, माझ्याच हातून काही चुकलं असेल का हो? द्रव्याचं माप मीच घेतलं होतं. सारखं तेच डोक्यात येतंय. तुम्हाला काही झालं असतं तर... मी हे काम सोडूनच देणार आहे. कुणाला आता गोळी द्यायला माझा हात धजावणार नाही."

भिकनरावांनी पेल्यात पाहिलं. अर्धा काढा शिल्लक होता. ही पोर त्यांच्यासाठी स्वतःला जाळून घेत होती आणि ते तिच्या जाळावर हात शेकत होते. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की पेला तसाच ओट्यावर ठेवून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेल्यात काढा उरला.

"तिथंच थांब," ते म्हणाले. "मी येतोय."

त्यांनी बरणी पंच्यात गुंडाळली आणि रिक्षा केली. मनालीच्या टेबलावर ती ठेवली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, कारण बसलो तर जीभ वळणार नाही अशी त्यांना भीती होती.

मनालीनं बरणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पगारे," ती म्हणाली, "मी नियम वाचून दाखवले होते ना?"

तिच्या हाकेतले 'काका' गेले होते. भिकनरावांनी मान खाली घातली.

"मी तुम्हाला विचारलं होतं. सोनोग्राफीच्या वेळी पुन्हा विचारलं होतं. तिकडे सोमनाथकाका द्राक्षं सोडून बसलेत! आणि तुम्ही रोज सकाळी माझ्याशी बोलताना..."

"पेला हातातच असायचा," भिकनराव म्हणाले. "चुकलो बाळा. कबूल. पण काढ्याचं मला काही नव्हतं गं. तो मला कधीच आवडला नाही. ती समोर उभी राहून म्हणायची, तळ दाखवा. काढा घेतला की वाटायचं, आता म्हणेल. आणि तू इथं तोंड उघडायला लावायचीस. दोन्हीतलं एकही सोडवेना."

मनालीनं बरणीचं झाकण उघडलं आणि परत घट्ट लावलं. खाली कुठंतरी स्टीलच्या ताटांचा आवाज होत होता.

"तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल," ती अखेर म्हणाली.

"हो."

"तुमचे आकडे बाद झाले की अभ्यास कदाचित वाचेल. पुढच्या फेऱ्या होतील. पण वॉर्डात तुम्हाला येता येणार नाही. भेटायलासुद्धा नाही, नियमच आहे तसा. आणि ते सहा महिने..."

"आजारीच नाही तर लक्ष कशाला ठेवायचं? कळतं मला."

काढा तपासायला तिला दोन चमचे पुरले असते. भिकनराव म्हणाले, सगळी बरणीच ठेव, घरी असली तर माझा मला भरवसा नाही. काढा पूर्ण बंद ठेवून तीन आठवड्यांनी एकदा रक्त द्यायला यायचं ठरलं. म्हणजे खरंच काढ्याचा प्रताप होता की आणखी काही, याचा निकाल लागेल.

ते तीन आठवडे भिकनरावांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. सकाळी फोन वाजत नव्हता. पेला पालथा पडून होता. चौकातले भोंगे ऐकत ते अंथरुणात पडून राहायचे आणि ऊन पायांवर आलं की नाइलाजानं उठायचे. रविवारी प्रफुल्लनं विचारलं, "पप्पा, औषधं वगैरे?" तेव्हा "मला कसली औषधं?" म्हणताना त्यांचा आवाज फुटला, पण तोवर पलीकडून फोन ठेवला गेला होता.

तीन आठवड्यांनी त्यांनी सांगितल्याप्रमाणे एकदाच गोळी घेतली, रक्त दिलं, आणि पुढच्या आठवड्यात मनालीनं निकाल ऐकायला बोलावलं. दारातच ती म्हणाली, "काका, पाहुणा वेळेवर गेला!"

काका परत आले होते. भिकनरावांना तेवढ्यानंही भरून आलं.

"मग तिचा काढा खोटा?" त्यांनी विचारलं.

"खोटा? जास्तच खरा निघाला." ती खुर्ची ओढून समोर बसली. "यकृत बाहेरून आलेल्या वस्तूवर काम करतं आणि कधीकधी त्या कामातूनच विष तयार होतं. काकूंचा काढा यकृताला बळ देत नव्हता, त्याचा हात धरून ठेवत होता. तुमच्या वाईट दिवसांत त्यानं तुम्हाला वाचवलंही असेल, कोण जाणे. पण वर गोळ्या घेतल्या की त्या आतच साचत जाणार. आता वय झालंय, आज ना उद्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या लागतील. तेव्हा तो काढा परत कधी घ्यायचा नाही."

"हात धरून ठेवायची," भिकनराव म्हणाले. "तिचा स्वभावच होता तो." आणि ते हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

निघताना मनालीनं कपाटातून बरणी काढली. लख्ख, पारदर्शक, नवी असल्यासारखी. प्रयोगशाळेतली माणसं ती. काचेला कशाचा कण म्हणून राहू द्यायची नाहीत. तिनं साबणानं, मग स्पिरिटनं, मग पुन्हा पाण्यानं धुऊन ती भट्टीत वाळवली होती. आणि वर साखरेनं काठोकाठ भरली होती.

"रिकामी बरणी परत देऊ नये, आई म्हणते," ती लाजून म्हणाली.

भिकनरावांनी झाकण उघडून नाक आत घातलं. भुईआवळीचा, सालींचा, हरसूलच्या उन्हाचा, चांगुणाच्या फडताळाचा कसलाच वास उरला नव्हता. घरी फडताळातल्या दोन रिकाम्या बरण्यांत तर केव्हाच डाळ भरली होती. पोरीनं मनापासून केलं होतं. तिला काय सांगणार?

"छान धुतलीस," ते म्हणाले.

जिन्यावरून उतरताना वॉर्डाचं दार किलकिलं दिसलं. फेरी चालू होती. सोमनाथनं त्यांना पाहून सुई नसलेला हात उंचावला. त्याच्या शेजारच्या खाटेवर दुसराच कुणीतरी तोंड उघडून बसला होता आणि नर्स बॅटरी धरून आत बघत होती. भिकनरावांनी जय भीम केला आणि ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणीतली साखर घालून चहा केला. कप होते, पण का कोण जाणे, चहा त्यांनी स्टीलच्या पेल्यातच ओतून घेतला. ओट्याशी उभं राहून सावकाश प्याले. साखर जरा जास्त झाली होती. शेवटचा घोट संपल्यावर हात सवयीनं पुढे झाला आणि त्यांनी पेला तिरका धरला.

बाहेर चौकात भोंगे वाजत होते. स्वयंपाकघरात तळ बघायला कुणी नव्हतं. म्हणून मग भिकनरावांनी स्वतःच वाकून बघितला.